टेकडीखालचा पट्टा: मे ते नोव्हेंबरच्या नोंदी

१८ मे
सकाळी साडेसहाला हजेरी. नऊ जण. सहा मावश्या, दोन दादा आणि मुकादम काका. मावश्या पेठ तालुक्यातल्या एकाच पाड्यावरच्या, सध्या नाशिकमध्ये म्हसरूळला खोली करून राहतात. मी देखरेखीला, हंगामापुरती. गेल्या वर्षीही मीच होते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या चुका कुणावर ढकलायची सोय नाही.

बागेचा पुढचा भाग, म्हणजे लॉन, कारंजं, घसरगुंड्या, आमच्याकडे नाही. आमचा तो मागचा उताराचा पावणेतीन एकरांचा पट्टा. नकाशात त्याला ‘नैसर्गिक क्षेत्र’ म्हटलंय, सकाळी फिरायला येणारे ‘मागचं जंगल’ म्हणतात. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. एका अंगाला ओढा, तो पुढे नासर्डीला मिळतो. (कागदावर नंदिनी लिहायचं असतं, तोंडात नासर्डीच येतं.) वरच्या टोकाला गेलं की पांडवलेणीचा डोंगर दिसतो.

जुनी झाडं मोजली. पळस १४, काटेसावर ३, खैर ६, हिवर ५, अंजन एकच. बोरी मोजल्या नाहीत, कोण त्या काट्यांत शिरणार. बाकी सगळं टणटणी (म्हणजे घाणेरी), सुबाभूळ आणि उंदीरमारी, तिन्ही बाहेरून आलेली. ती काढणं हेच आमचं काम.

गेल्या मे महिन्यात टणटणी कोयत्याने जमिनीलगत सपासप छाटली होती. आठ दिवसांत अख्खा पट्टा मोकळा, फोटो झकास, वरून शाबासकी. ऑगस्टमध्ये एकेका बुडख्यातून सात-सात फुटवे. म्हणजे आम्ही पैसे देऊन टणटणीची छाटणी करून घेतली. द्राक्षबागायतदाराला हे सांगितलं तर तो हसेल.

२१ मे
यंदा कोयता फक्त वाट करण्यापुरता. बाकी कुदळ.

टणटणीचं खोड जमिनीत शिरतं तिथे, मातीच्या जरा खाली, एक जाडसर गाठ असते. फुटवे येतात ते तिथूनच. त्याखालचं मूळ एकटं राहिलं तर त्यातून काही येत नाही. दिल्लीचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी याच गोष्टीवरून पद्धत बसवली. गाठीच्या खाली मूळ तोडायचं आणि निघालेलं झुडूप तिथेच उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. म्हणजे ओल्या मातीला टेकून पुन्हा जीव धरत नाही.

वाचायला सोपं. पहिलं झुडूप मी केलं, पंधरा मिनिटं लागली आणि घाव दगडावर बसून कुदळीचा दांडा हलला. मग थोरल्या मावशींनी कुदळ घेतली. आधी पायानेच पालापाचोळा बाजूला सारला, खोड धरून हलवून बघितलं, मूळ कोणत्या अंगाला गेलंय ते बोटांनी चाचपलं आणि त्याच अंगाला तिरपे तीन घाव. कट्ट. काप पिवळट पांढरा, आणि तो उग्र वास, नाकात जाऊन बसतो तो. झुडूप उलटं करून ठेवताना म्हणाल्या, “ताई, हिला तंगड्या वर करूनच झोपवायची का?” दिवसभर तेच चाललं. “माझ्या बावीस झोपल्या, तुझ्या किती?”

हिशेब मात्र जड जातो. कोयत्याने माणशी दीडशे झुडपं दिवसाला सहज होतात, कुदळीने पस्तीस-चाळीस. आणि बिल निघतं ते चौरस मीटरवर. मुळासकट काढलं की वरवर छाटलं, हे लिहायला तक्त्यात रकानाच नाही. मुकादम काकांनी दुपारी डबा खाताना हे दोनदा ऐकवलं. बरोबर आहे त्यांचं.

ओढ्याच्या काठाला हात लावायचा नाही असं ठरवलं. तिथली टणटणी नको असली तरी सध्या दरड तिनेच धरली आहे. पावसाच्या तोंडावर ती उपटली तर माती थेट नासर्डीत. ते पावसाळ्यानंतर बघू.

२९ मे
उतारावर पाणी अडवायच्या चरासाठी टाकलेली दोरी टिटवीच्या घरट्यावरून गेली. घरटं म्हणजे काय, मुरमात एक बशीएवढा खळगा आणि त्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. पाय पडायच्या आधी टिटवीने डोक्यावर थैमान घातलं म्हणून कळलं. चर तिथे तोडला, पुढे दहा पावलांवर पुन्हा सुरू केला. बिलात हा खंड ‘खडक लागल्यामुळे’ असा दाखवलाय.

३ जून
समतल चर झाले, २ फूट रुंद, १ फूट खोल. एका पातळीतली रेषा बांबूच्या ए-फ्रेमने (इंग्रजी A सारखी चौकट) आणि ओळंब्याने काढली. उकरलेली माती खालच्या अंगाला. बाकी लिहिण्यासारखं काही नाही, ऊन फार.

९ जून
मृग लागला, पाऊस नाही. वारा नुसता.

आज पुढच्या ऑफिसात बैठक. एका कंपनीला पर्यावरण दिनाचं राहून गेलेलं वृक्षारोपण या आठवड्यात उरकायचंय. हजार रोपं, दोनशे माणसं, सगळ्यांना टोप्या. जागा कुठली? तर आम्ही नुकताच मोकळा केलेला पट्टा, कारण तो ‘रिकामा दिसतोय’.

मी नको म्हटलं. कारणं सांगितली. एक, जमीन तापलेली, पाण्याचा पत्ता नाही. दोन, यादीत गुलमोहर, काशिद आणि रेन ट्री. गुलमोहर मादागास्करचा, काशिद आग्नेय आशियातला, रेन ट्री अमेरिकेतला. रस्त्याकडेला असतील छान, इथे काय करायचेत? तीन, आणि हे मुख्य, हा पट्टा रिकामा नाही. पळसाची मुळं खाली पसरलेली आहेत, मारवेल आणि पवन्याचं बी मातीत आहे. वरचं झाकण उघडलंय, आता खालून काय येतं ते एक पावसाळा बघायचंय.

तिसरं कारण कुणालाच पटलं नाही. काहीच न लावणं हे काम आहे, हे साहेबांना वर कसं कळवायचं, हा त्यांचा प्रश्न. तोही खरा. शेवटी तडजोड: १२० रोपं, तीही कुंपणाच्या कडेने, आर्द्रात, आणि रोपं मी निवडायची. टोप्या जितक्या हव्यात तितक्या.

१७ जून
आला. दुपारी साडेतीनला, आधी धूळ, मग टपोरे थेंब, मग काही दिसेना. पाऊण तासात चर अर्धे भरले आणि दोन ठिकाणी बांध फुटला. तिथे माझीच रेषा चुकलेली, ओळंबा वाऱ्याने हलत असताना घाईत खूण केली होती. उद्या दुरुस्ती.

संध्याकाळी मुरमावर मखमली लाल मृगाचे किडे. ओढ्याकडून नवरंगाची दोन सुरांची शीळ. पक्षी दिसला नाही.

२४ जून
१२० रोपं लागली: बहावा, ताम्हण, करंज, मेडशिंगी, थोडा मोह. पाहुणे साडेनऊला आले, अकराला गेले. पिशवीत मुळं गोल गुंडाळलेली निघाली, ती खालून कापून मोकळी केल्याशिवाय खड्ड्यात घालायची नाहीत हे सांगून घसा बसला. काही पिशव्यांसकट लागली होती, ती दुपारी मावश्यांनी उकरून परत लावली. पाण्यासाठी एका द्राक्षबागेतून काढलेली जुनी ठिबकची नळी फुकट मिळाली आहे, पाऊस ओढला तर ती अंथरू.

२ जुलै
मोकळ्या झालेल्या जागेवर दोन मंडळी एकदम उगवली आहेत, गाजर गवत आणि टाकळा. आज दिवसभर त्यांचाच विषय.

गाजर गवताला इकडे ‘काँग्रेस’च म्हणतात. १९५५च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं, अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आल्याचं सांगतात. एक झाड हजारांनी बी टाकतं, त्यामुळे फुलावर येण्याआधी, ओल असताना मुळासकट उपटणं हाच उपाय. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा सक्तीचा. गेल्या वर्षी धाकट्या मावशींचे हात कोपरापर्यंत लाल पुरळाने भरले होते. यंदा त्या हातमोज्यांवर प्लॅस्टिकची पिशवीही बांधतात आणि कुणी हसलं तर अंगावर येतात.

आता टाकळा. साहेब पाहणीला आले आणि म्हणाले हेही काढा, जंगली दिसतंय. मी म्हटलं हेच तर आपलं फुकटचं माणूस आहे. टाकळा दाट उगवतो, पानं पसरतो आणि गाजर गवताच्या रोपट्यांना ऊन मिळू देत नाही. जिथे टाकळ्याचं रान माजतं तिथे काँग्रेस विरळ होत जातं, हे रस्त्याकडेला कुणीही बघावं. आम्ही काँग्रेस उपटतो, टाकळा ठेवतो, उरलेलं काम टाकळा करतो. साहेब म्हणाले, “पण फोटोत सगळं सारखंच दिसतं ना.” दिसतं खरं.

तेवढ्यात थोरल्या मावशींनी ओटीतला टाकळा दाखवला. कोवळे शेंडे, भाजीचे. “साहेब, हे जंगली नाही, हे आमचं रात्रीचं कालवण.” त्यावर विषय संपला. भाजी मीही नेली. चण्याची डाळ भिजवून, लसूण-मिरचीवर, कांदा भरपूर. पानं जून झाली की कडवट लागतात, त्यामुळे आठवडाभराचाच खेळ आहे.

८ जुलै
मावश्या गावी गेल्या. आवणी. वर्षभराचा भात त्या पंधरा दिवसांवर असतो, त्यामुळे थांबा म्हणण्याचा प्रश्नच नाही. आणि नेमके हेच पंधरा दिवस आमच्या तणाचे. आता दोन दादा, काका आणि मी. वेळापत्रक ज्याने केलं त्याने भात कधी लावतात हे एकदा विचारायला हवं होतं. वेळापत्रक मीच केलं होतं.

१५ जुलै
तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसूचा. काम बंद.

२२ जुलै
म्हातारा, म्हणजे पुष्याचा पाऊस लागला, तोही तरण्यासारखाच. ओढ्याला गढूळ पाणी, पण काठ शाबूत. टणटणी ठेवल्याचं समाधान वाटलं आणि त्या समाधानाची जराशी लाजही.

२८ जुलै
वाईट दिवस.

दहाला पोचले तर पट्ट्याच्या ‘ब’ तुकड्यात ब्रश कटरचा आवाज. पुढच्या लॉनचं गवत कापण्याचा ठेका ज्यांचा आहे त्यांची दोन माणसं आमच्या पट्ट्यात शिरून कापत होती. मी पळत जाईपर्यंत अर्धा तुकडा सपाट. गुडघ्याएवढा आलेला मारवेल गेला, आणि त्यात दडलेली पळसाची रोपं गेली. १२ तारखेला आम्ही ६७ मोजली होती. तीन पानांची, तळव्याएवढी, कुठलीही न लावलेली. आज उभी सापडली २१.

त्या माणसांना काय बोलणार. त्यांना ‘गवत दिसेल तिथे कापा’ सांगितलेलं. हद्द कुठे आहे विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, “कुठे आहे?” मी चुन्याने रेघ आखली होती. जूनमध्ये. जुलैच्या पावसात चुन्याची रेघ शोधायला गेले, म्हणजे माझीच शोभा.

दुपारी बांबूच्या कामट्या तासून, टोकाला लाल चिंध्या बांधून, दर पाच पावलांवर रोवल्या. चिंध्या काकांच्या घरच्या जुन्या परकराच्या.

४ ऑगस्ट
मावश्या परत. थोरल्या मावशींना ‘ब’ तुकडा दाखवला. त्यांनी कापलेल्या पळसाच्या बुंध्याशी माती जरा उकरली, नख लावून बघितलं आणि म्हणाल्या, “मेला नाही. पळस असा मरत नसतो. बकरी खाते, आग लागते, तरी येतोच.” मुळात ओल आहे म्हणे.

१६ ऑगस्ट
दुसरी फेरी, आणि यंदाची खरी परीक्षा.

मे महिन्यात उलट्या ठेवलेल्या झुडपांपैकी ‘अ’ तुकड्यातली २१४ तपासली. ९ फुटली आहेत. त्यातली सहा माझ्या हातची निघाली, घाव गाठीच्या वर बसलेला. गेल्या वर्षी याच तुकड्यात जवळपास प्रत्येक बुडखा फुटला होता.

हे झालं जुन्या झुडपांचं. नव्या रोपट्यांचं काय, तर ती आलीच आहेत. सगळीकडे सारखी नाहीत, झाडांखाली गर्दीने. मोठ्या पळसाखाली मीटरभराची चौकट टाकून मोजलं: टणटणीची ६३ रोपटी. तिथून पंधरा पावलांवर उघड्यावर तेवढ्याच चौकटीत ४. कारण वर बसलंय, बुलबुल. काळी फळं कुंपणापलीकडे खायची आणि आमच्या पळसावर येऊन बी टाकायचं. कुंपणापलीकडचा मोकळा प्लॉट टणटणीने भरलेला आहे आणि तो कुणाचा हे कुणी सांगत नाही. म्हणजे आमच्याकडची एकूण एक काढली तरी बुलबुल आहे तोवर झाडांखाली दरवर्षी ऑगस्टमध्ये बसावंच लागणार. आता ही चिमटीने निघतात, ओल्या मातीतून सुळकन. पुढच्या वर्षी कुदळ लागेल. मंजूर झालेल्या कामात मात्र ‘टणटणी निर्मूलन’ एकदाच आहे, मे महिन्यात. ऑगस्टची मजुरी मी ‘रोपांची निगा’ या नावाखाली घातली आहे.

आजपासून २२ तारखेपर्यंत गाजर गवत जागरूकता सप्ताह असतो, त्याचा फलक पुढच्या फाटकावर लागला. फलकाच्या पायाशी काँग्रेसची चार झाडं फुलावर. आत ‘क’ तुकड्यात मात्र पानांची चाळण झालेली दिसली आणि उलटून बघितलं तर मेक्सिकन भुंगे. मसुराच्या डाळीपेक्षा थोडे मोठे, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. १९८४ साली बंगळुरूला मुद्दाम आणून सोडलेले, आता सगळीकडे पसरलेत. पाऊस पडला की जमिनीतून वर येतात. हे गाजर गवतच खातात, त्यामुळे त्या कोपऱ्यातलं काँग्रेस उपटू नका म्हटलं, भुंग्यांना राहू दे. धाकट्या मावशी म्हणाल्या, “आता किड्यांनाही हजेरी लावा.”

‘ब’ तुकड्यात पळस पुन्हा फुटलेत. ५२ मोजले.

५ सप्टेंबर
चरांच्या कडेने तेरडा, वरच्या खडकाळ टोकावर थोडी सोनकी. गेल्या वर्षी तिथे नुसती टणटणी होती. सुट्टीच्या दिवशी फोटोला येणाऱ्यांनी तेरड्यात बसून बसून दोन चौक पाडलेत. दोरी बांधली.

११ सप्टेंबर
दादांनी ‘अ’ तुकड्यातला उलट्या टणटणीचा ढीग हाताने उचलला आणि खाली घोणस. जाड, साखळीसारखे ठिपके, आणि तो प्रेशर कुकरसारखा फुत्कार. दादा जिथल्या तिथे थिजले, ते एक बरं झालं. आम्ही सगळे मागे सरलो, ती पाच मिनिटांनी आपणहून ओढ्याकडे गेली.

वाळलेले ढीग म्हणजे उंदरांची घरं आणि उंदीर तिथे घोणस, हे मला सुचायला हवं होतं. आजपासून ढिगाला आधी लांब काठी, मग पाय, आणि हात सगळ्यात शेवटी. गमबूट मार्चमध्येच मागितले होते. काकांनी आज स्वतःच्या पैशांनी दोन जोड आणले. पावती जपून ठेवली आहे.

२० सप्टेंबर
सुबाभूळ. शेंगा अजून हिरव्या, म्हणून आत्ताच. कमरेएवढी रोपं ओल्या मातीतून दोघांनी मिळून ओढली की येतात, १८० निघाली. मोठ्या ११ झाडांना हात लावला नाही, झाड तोडायला परवानगी लागते आणि अर्ज जूनपासून आहे. तोवर शेंगा आकडीने तोडून पोत्यात. उंदीरमारीचा विषय या वर्षी काढायचाच नाही असं माझं मत, एकेक फांदी मातीला टेकली की रुजते. आधी टणटणी पुरती संपू दे.

१० ऑक्टोबर
हजेरी: दोन.

द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली. पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडे टोळ्या उक्त्याने जातात आणि तिथे दिवसाला जे सुटतं त्याच्या जवळपासही आमची रोजंदारी नाही. मावश्या जाताना सांगून गेल्या, नोव्हेंबरात आठ दिवस येतो म्हणून. मी अडवलं नाही. ओढ्याचा काठ याच महिन्यात करायचा होता.

२६ ऑक्टोबर
दादा आणि मी गवताचं बी गोळा करतोय. पवन्या पिकलाय, मुठीत धरून वर ओढलं की बी हातात येतं. मारवेलचं थोडं. कुसळी मुद्दाम गोळा करावी लागत नाही, सलवारीला आणि मोज्यांना चिकटून आपोआप घरी येते. रात्री एकेक कुसळ काढून डब्यात टाकली. एकूण तीन पिशव्या बी, नावं आणि तुकडा लिहून सुतळीने बांधून ठेवल्या. मे महिन्यात चरांच्या बांधावर फेकायचं.

१८ नोव्हेंबर
शेवटचा दिवस. मावश्यांपैकी चौघी आल्या, दोघींचं छाटणीनंतरचं काम लांबलं.

अवजारं मोजून दिली. कुदळी ९ होत्या, ८ आहेत, एकीचा दांडा मोडला. कोयते ६, खुरपी १०, पहारी २. हातमोजे फाटून संपले. गमबुटांचे पैसे काकांना अजून मिळालेले नाहीत, पावतीची झेरॉक्स फाइलला लावली.

पुढच्यासाठी चिठ्ठी लिहिली. गवत वाळतंय, फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचे दिवस, त्याआधी कुंपणालगत आग अडवणारी जाळरेषा काढणं. चुन्याऐवजी कामट्या. टणटणीची ऑगस्ट फेरी वेगळी मंजूर करून घेणं, आवणीनंतरची तारीख धरून. १२० पैकी १०३ रोपं जिवंत, त्यांना जानेवारीपासून ठिबक. न लावलेले पळस ५२, त्यांना काही नको, फक्त ब्रश कटर लांब ठेवा.

ओढ्याचा काठ राहिला तो राहिलाच. आज उभं राहून बघितलं, टणटणी फुललीये, तांबडी-पिवळी, आणि दिसते सुंदर. शोभेची म्हणूनच तर तिला या देशात आणली होती. बुलबुल जोडीने बसलेले.

थोरल्या मावशींनी विचारलं, “पुढच्या मेला येऊ ना ताई?” मला स्वतःलाच अजून पत्र नाही. या म्हटलं.

मस्टरवर काकांनी ‘काम पूर्ण’ असं लिहून माझ्यापुढे सरकवलं. त्याआधी बारीक अक्षरात ‘ओढा सोडून’ घातलं आणि सही केली.